खोटा दांडा

ती गेल्याचं कळलं त्या दिवशी तो एका नऊमजली इमारतीच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरलेला होता. खड्ड्यात फोनला रेंज नसते, आणि असली तरी फोन खिशात ठेवून खाली उतरायचं नाही हा नियम त्यानेच हाताखालच्या माणसांना घालून दिलेला होता. खिशातून पडलेला फोन उचलायला वाकलेल्या एकाचं काय झालं ते त्याने पाहिलं होतं. तेव्हा फोन वर, हत्यारांच्या पिशवीत. सव्वाअकराला वर आला तर नऊ मिस्ड कॉल. सात अनोळखी नंबरावरून, दोन मेहुण्याचे. आणि त्या सगळ्यांच्या आधी, दहा वाजून चार मिनिटांनी, बायकोचा मेसेज: गाडीमागे लावायच्या सायकल रॅकचा फोटो आणि खाली, 'हा बघ. चारही बसतात. आता नवीन कारण काढू नकोस.' दहा वीसला ती ऑफिसच्या जिन्यात बसली ती उठलीच नाही. मेंदूतली रक्तवाहिनी, डॉक्टर म्हणाले. तो हॉस्पिटलात पोचला तेव्हा कोपरापर्यंत ग्रीस होतं, आणि दारातल्या नर्सने त्याला आधी बेसिनकडे पाठवलं. साध्या साबणाने ग्रीस निघत नाही. त्याने तीनदा हात धुतले. आत गेल्यावर कळलं की घाई नव्हतीच. त्या तीन वेळा हात धुण्याचा त्याला अजून राग येतो. नर्सचा नाही, ग्रीसचा.

आठ महिन्यांनी एका शनिवारी सकाळी मोटारीच्या सामानाच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "किती सायकली, साहेब?"

प्रश्न साधा होता. त्याने "चार" म्हणायला तोंड उघडलं, "तीन" म्हणाला, मग म्हणाला, "थांबा."

दुकानदार थांबला. पेन तसंच धरून. भला माणूस असावा, कारण तो हसून म्हणाला, "घरी विचारून या. मॅडमना बरोबर आकडा माहीत असतो. नवरे लोक इथे येऊन अंदाजे सांगतात आणि मग सोमवारी परत करायला येतात."

"प्रकार काय काय आहेत ते सांगा," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, त्याचं त्यालाच ऐकू आलं.

प्रकार तीन होते. टपावरचा, डिकीला पट्ट्यांनी बांधायचा, आणि गाडीखाली हुक बसवून त्यावर लावायचा. टपावर चढवायला सायकल डोक्याच्या वर उचलावी लागते, आणि त्याच्या इमारतीच्या पार्किंगचं तोंड होतं दोन मीटर दहा. एक दिवस विसरून आत शिरलं की सायकली गेल्या आणि टपही गेला. डिकीचा रॅक स्वस्त, सुटसुटीत, पण तीनच सायकली आणि पंचेचाळीस किलोच्या वर नाही. हुकाचा चार घेतो, साठ किलो झेपतात, पण हुक बसवायला गाडी दोन दिवस द्यावी लागते आणि नोंदणीच्या कागदावर तसं लिहून आणावं लागतं. "आणि लेडीज सायकल आहे का एखादी?" दुकानदाराने विचारलं. "आडवा दांडा नसलेली? डिकीच्या रॅकला सायकल दांड्याला धरून टांगतात. दांडाच नसेल तर टांगणार कशाला? मग हा घ्यावा लागतो." त्याने खणातून एक दांडा काढून काउंटरवर ठेवला. दोन्ही टोकांना चिमटे. एक सीटखालच्या नळीला, एक हँडलखाली. "खोटा दांडा. प्रवासापुरता लावायचा, उतरलं की काढायचा. पाऊण किलो."

त्याने तो हातात घेऊन वाकवून पाहिला. वाकला नाही. चिमट्याचा स्क्रू मात्र हलका वाटला, आणि तसं तो बोलूनही दाखवणार होता, पण तेवढ्यात त्याला आपलाच कंटाळा आला. गेली दोन वर्षं तो हेच करत होता. शहरापासून गाडीने दीड तासावर धरणाच्या पाण्याला वळसा घालून जाणारा रस्ता आहे, सपाट, एकवीस किलोमीटरचा, मोटारींना बंद. बायको ऑफिसच्या लोकांबरोबर तिथे जाऊन आली होती आणि आल्यापासून तिने एकच धरून ठेवलं होतं: चौघांनी जायचं, आपल्या सायकली घेऊन. तिकडे भाड्याने मिळतात, तो म्हणाला. भाड्याच्या सायकलींवर गेलो म्हणजे गेलो नाही, ती म्हणाली. मग तिने रॅक शोधायचे आणि त्याने त्यांच्यातली खोट काढायची, असं सुरू झालं. खोट काढायचाच त्याला पगार होता. लिफ्ट तपासून सही करायची म्हणजे काय, तर जिथे सगळ्यांना चालतंय असं वाटतं तिथे काय चालत नाही ते शोधायचं. एका रॅकच्या पट्टीची शिवण एकेरी होती. एकाचा पत्रा पातळ. एकावर किती वजन झेपेल ते लिहिलेलंच नव्हतं, आणि ज्याच्यावर वजन लिहिलेलं नाही त्याच्यावर आपण काही लादत नाही, एवढं म्हणून तो पुन्हा पेपरात डोकं घालायचा. "तुझ्यासारख्याने सायकलचा शोध लावायचा असता ना," ती म्हणाली होती, "तर अजून आपण चालत असतो." त्यावर तो हसला होता. त्याच्या कारणांना तेव्हा तरी वजन होतं, असं त्याला वाटायचं. आता दुकानात तो दांडा हातात धरून उभा असताना वाटलं, दोन वर्षांत एक रविवार. एक रविवार निघाला नसता का? पट्टी एकेरी तर एकेरी. दोरीने बांधलं असतं वरून.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला. दुकानदाराने तिन्ही प्रकारांचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून दिले आणि पेनचं टोपण लावलं. ते टोपण लावण्याचा आवाजही त्याच्या डोक्यात गेला.

गाडीत बसतो न बसतो तोच मेहुण्याचा फोन. बायकोचा हा धाकटा भाऊ. तिने त्याचं नाव सल्लागार ठेवलं होतं. दर शनिवारी अकराला तो बहिणीला फोन करायचा, आता याला करतो. बोलायला दोघांकडे काही नसतं, म्हणून सल्लागार सल्ला देतो.

"भाऊजी, टपावरचाच घ्या. डोळे झाकून."

"तुझ्याकडे सायकल आहे का रे?"

"नाही. पण मी व्हिडिओ बघितलेत ना. सहा बघितले."

"माझ्या पार्किंगची उंची दोन मीटर दहा आहे."

"मग गाडी बाहेर लावा."

"बरं."

"आणि भाऊजी," थोडं थांबून तो म्हणाला, "ताईची सायकल... ती न्यायची म्हणतेय थोरली. मला म्हणाली ती. तुम्ही नाही म्हणू नका."

हे त्याला माहीत होतं. परवा जेवताना सुट्टीत धरणावर जायचं ठरलं तेव्हा थोरली, चौदा वर्षांची, ताटातून मान वर न करता म्हणाली होती, "आईची सायकल पण न्यायची." नऊ वर्षांचा धाकटा लगेच म्हणाला, "हो," कारण तो हल्ली बहिणीच्या प्रत्येक वाक्याला हो म्हणत असे. आणि बापाने पाण्याचा ग्लास उचलून पाणी पिऊन टाकलं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एक चित्र बसलं होतं आणि हटत नव्हतं. धरणाकाठच्या त्या रस्त्यावर ते तिघे सायकली चालवताहेत आणि चौथी गाडीमागे टांगलेली, उन्हात, रिकाम्या सीटची. किंवा त्याहून वाईट: तो एका हाताने स्वतःची आणि दुसऱ्या हाताने तिची सायकल धरून एकवीस किलोमीटर ढकलतो आहे आणि येणारेजाणारे बघताहेत. पोरीला काय सांगणार? सतरा किलो वजन, आडवा दांडा नाही, त्या एका सायकलीपायी हुक बसवायचा, गाडी दोन दिवस द्यायची, नोंदणीच्या ऑफिसात रांग लावायची, आणि कशासाठी, तर नुसती तिला फिरवून आणायला. असं सांगायचं? चौदा वर्षांच्या मुलीला? त्यापेक्षा हुक बसवणं सोपं. त्याचं पित्त खवळलं होतं, पण कुणावर ओकायचं ते कळत नव्हतं. मेहुण्यावर ओकलं तर तो रडायला लागला असता.

सतरा किलो हा आकडाही बायकोनेच कधीतरी सांगितलेला. ऐकीव आकड्यावर तो काम करत नाही. दुपारी त्याने न्हाणीघरातला वजनकाटा काखेत मारला, दोन्ही मुलांना हाक मारली आणि तिघे लिफ्टने पार्किंगमध्ये उतरले. लिफ्टमधल्या पाटीकडे त्याचं लक्ष गेलं, ते जातंच. सहा माणसं, चारशे आठ किलो. या धंद्यात माणूस म्हणजे अडुसष्ट किलो. लहान, मोठा, जाडा, बारीक, सगळे अडुसष्ट. बायको म्हणायची, मी अठ्ठावन्न आहे, माझे दहा किलो कुणाच्या नावावर जातात? तो म्हणायचा, माझ्या. चौऱ्याऐंशी. कंपनीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टर दरवर्षी ओरडायचे आणि तो दरवर्षी चौऱ्याऐंशी भरायचा, अर्धा किलो इकडे नाही की तिकडे नाही.

पार्किंगमध्ये त्याच्या जागेच्या मागच्या भिंतीला चारही सायकली एकीला एक टेकून उभ्या होत्या. त्याने काटा सपाट जागा बघून ठेवला, पाणसळ लावून पाहिली, काट्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला, पुन्हा पाहिली. धाकटा म्हणाला, "बाबा, आपण सायकल मोजतोय की बिल्डिंग बांधतोय?" थोरलीने त्याला कोपर मारलं. तिच्या हातात वही होती.

काट्यावर सायकल उभी राहत नाही. म्हणून तो सायकल उचलून काट्यावर उभा राहणार, आणि आकड्यातून आपलं वजन वजा करणार. आधी त्याची स्वतःची.

"शहाऐंशी," थोरलीने वाकून वाचलं.

"वजा चौऱ्याऐंशी. दोन."

"दोन किलो?"

"लिही तू."

मग बायकोची. ती उचलताना त्याला दम लागला आणि सीटचं टोक बरगडीत रुतलं.

"अठ्ठ्याऐंशी."

"चार." आता त्याच्याही लक्षात आलं होतं, पण हातात घेतलेलं काम मधे सोडायचं नाही म्हणून त्याने थोरलीची उचलली. पंच्याऐंशी. एक. मग धाकट्याची. धाकटा स्वतःच वाकला आणि ओरडला, "ब्याऐंशी."

थोरलीने वहीत लिहिलं आणि मग हळूच वाचलं, "उणे दोन."

"म्हणजे माझी सायकल उडते?" धाकटा म्हणाला.

"काटा बिघडलाय," तो म्हणाला. "सेलमधला काटा. मी तेव्हाच म्हटलं होतं, सेलमधली मोजायची वस्तू घेऊ नये. पण ऐकेल तर शपथ. स्वस्त दिसलं की उचललं." त्याने काट्याला बुटाच्या टोकाने ढकललं. पुठ्ठा निसटला. "आता हा घेऊन बसा. कुठून कुठून कचरा आणून ठेवलाय घरात."

बोलून झाल्यावर त्याला कळलं की तो कुणाबद्दल बोलतो आहे. मुलांना आधीच कळलं होतं. धाकटा सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिला. थोरलीने खाली बसून काटा सरळ केला, पुठ्ठा त्याच्याखाली होता तसा सरकवला, आणि म्हणाली, "बाबा, तू एकटा उभा राहा."

"माझं वजन मला माहितेय."

"माहितेय ना. मग उभा राहा."

तो उभा राहिला. काट्याचे आकडे थोडे पळाले आणि थांबले. वरून वाकून बघायची गरज नव्हती, त्याला तिथूनच दिसत होतं.

"एकाहत्तर," थोरली म्हणाली. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. "तुझ्या पट्ट्याला तू दोन नवी भोकं पाडलीस. ड्रिलने. मी बघितलं."

पट्ट्याचं चामडं सैल पडलंय, असं तो स्वतःशी म्हणाला होता. दोन्ही वेळा. आणि शर्ट धुऊन ताणले जातात, आणि कंपनीने या वर्षी बुटांचं माप चुकवलं. आठ महिने तो सगळ्या वस्तूंमधली खोट काढत होता. तेरा किलो. थोरलीच्या नाही, धाकट्याच्याही नाही, त्याच्याच अंगावरून तेरा किलो उतरले, आणि लोकांच्या लिफ्टला किलोकिलोवरून सही नाकारणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता नाही. त्याला एकदम त्या जेवणांची आठवण झाली, म्हणजे जेवण असं काही आठवेना. ताट आठवलं, मुलांनी संपवलं का हे बघणं आठवलं, भांडी घासणं आठवलं. आणि समोरून रोज ही पोरगी बघत होती. बघून गप्प राहत होती, जसा तो तिच्याकडे बघून गप्प राहत होता. काट्यावरून उतरायचं त्याला सुचेना. मग धाकटा म्हणाला, "मी पण उभा राहू?" आणि तो उतरला.

थोरलीने नव्याने वजाबाकी केली. पंधरा, सतरा, चौदा, अकरा. "सत्तावन्न."

"म्हणजे हुकाचा," तो म्हणाला. "साठ झेपतात. गाडी सोमवारी देतो. दोन दिवस बसने जाईन. चारही नेऊ."

"चार कशाला?"

"तूच म्हणालीस ना, आईची न्यायची."

"हो मग. आईची, तुझी आणि माझी." तिने मान वर केली. "बाबा, मी आईची सायकल चालवणार आहे. माझ्या सायकलवर माझे गुडघे हँडलला लागतात. गेल्या वर्षापासून लागतात. माझी याला, आणि याची छोटी कुणाला तरी देऊन टाकायची. आईचं आणि माझं ठरलं होतं तसं. ती नवीन घेणार होती."

"मला नाही सांगितलं कुणी."

"तुला सांगितलं असतं तर तू आधी माझे गुडघे मोजले असतेस."

हे तिच्या आईचं वाक्य होतं. म्हणजे आईने म्हटलं असतं तसं. त्याला राग आला, खरोखरीचा राग, आणि या वेळी कुणाचा ते त्याला नीट माहीत होतं. सायकल द्यायचं ठरवते, नवी घ्यायचं ठरवते, पोरीला सांगते, आणि नवऱ्याला नुसते फोटो पाठवते. चारही बसतात म्हणे. त्यातली चौथी कुठली, हे सांगायला नको? आठ महिने त्याने या सायकलीला हात लावला नव्हता. गाडी लावली की भिंतीकडे न बघता निघून यायचा. जी सायकल केव्हाच दुसऱ्याची झाली होती तिला तो राखत बसला होता.

"तुझी गुलाबी आहे," धाकटा तेवढ्यात बहिणीला म्हणाला.

"रंग मारू."

"कोण मारेल?"

"मामा मारेल."

"मामा नाही मारणार. मामा फक्त सांगेल कुठला रंग मारायचा."

थोरली फस्‌कन हसली. तोही हसला, आणि हसताना बरगडीत दुखलं, सीटचं टोक रुतलं होतं तिथे.

मग हिशेब पुन्हा मांडला. तीनच सायकली म्हणजे डिकीचा रॅक. ना हुक, ना कागद, ना रांग. पंधरा, सतरा, चौदा. सेहेचाळीस. वर खोटा दांडा पाऊण किलो. पावणेसत्तेचाळीस. चिठ्ठीवर दुकानदाराच्या अक्षरात लिहिलं होतं, पंचेचाळीस. त्याने कपाळाला हात लावला.

"पावणेदोन किलोने काय होतंय?" थोरली म्हणाली.

"सगळे हेच म्हणतात. भरलेल्या लिफ्टमध्ये शेवटचा शिरणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो."

"बरं, मग ती टोपली काढ. पुढची. मला नकोच आहे ती, शाळेत हसतील मला."

हँडलपुढच्या तारेच्या टोपलीकडे तिघांनी पाहिलं. बायको त्यातून काय काय आणायची. एकदा घड्याळजीकडून दुरुस्त झालेलं भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं, वर आल्यावर ते सात मिनिटं मागे पडलेलं. टोपली दोन किलोची तरी असेल. पावणेसत्तेचाळीसातून दोन गेले की पावणेपंचेचाळीस. पाव किलो हाताशी राहतो. त्याच्या धंद्यात याला बसतंय असंच म्हणतात.

पुढच्या शनिवारी तो दुकानात गेला. काउंटरवर तोच माणूस होता. त्याने पेन उघडायच्या आधीच हा म्हणाला, "तीन. डिकीचा. आणि एक खोटा दांडा."

"मॅडमना विचारलंत ना?"

"मुलीला विचारलं," तो म्हणाला. दुकानदाराने पावती फाडली.

रविवारी सकाळी त्याने पार्किंगमध्ये रॅक चढवला. पट्ट्या ताणल्या, गाडी हलवून पाहिली, पुन्हा ताणल्या. शिवण एकेरी होती. त्याने काही म्हटलं नाही. खोटा दांडा बायकोच्या सायकलीला लावून चिमटे आवळले. स्क्रू हलका वाटला होता तसा हलकाच निघाला, पण धरला. मग तो पक्कड घेऊन टोपलीपाशी उकिडवा बसला. टोपली नुसत्या स्क्रूवर नव्हती. ती खडखडायची म्हणून बायकोने ती तीन ठिकाणी तारेने आवळून बांधली होती, आणि तार त्याच्याच पिशवीतली, लिफ्टच्या कामाची, मागच्या वर्षी एक गुंडाळी कमी भरली म्हणून त्याने हाताखालच्या माणसांना झापलं होतं ती. पहिल्या गाठीला त्याने पक्कड लावून पिळलं तर ती सुटायच्या ऐवजी अजून आवळली. पुन्हा पिळलं, पुन्हा आवळली. ती डावखुरी होती. तिचा पीळ उलटा असायचा. बरण्यांच्या झाकणांवरून, नळांवरून, दोघांची वीस वर्षं यावरूनच जुंपायची. त्याने पक्कड उलटी फिरवली. तार सुटली. दुसरीही सुटली. तिसरी हँडलच्या मुळाशी होती, तिथे पक्कड जाईना, बोटंच घालावी लागणार होती. बोटाला तिने पीळ दिलेलं टोक लागलं. टोचू नये म्हणून तिने ते आत वळवून, चेपून ठेवलं होतं.

वरून जिन्यातून थोरलीने विचारलं, "झालं का, बाबा?"

"होतंय," तो म्हणाला.

त्याने पक्कड पिशवीत ठेवली आणि वर जाऊन मुलांबरोबर जेवला. दोनदा वाढून घेतलं. सुट्टी शुक्रवारी लागते. रॅक लागला आहे, धाकट्यासाठी सायकलला निळा रंग मारून झाला आहे, मामाने सुचवलेला. टोपलीची एक तार अजून काढायची आहे.